गणपतीला बंद घर उघडलं आणि पायाला खाज सुटली: पिसवा, ढेकूण की आणखी काही?

कुलूप काढून, खिडक्या उघडून, केर काढायला घेतल्याला अर्धा-पाऊण तास झालेला असतो. कुणीतरी खाली वाकून घोटा खाजवतं. थोड्या वेळानं दुसरं कुणीतरी. संध्याकाळपर्यंत लहान मुलाच्या पायावर पंधरा-वीस लाल पुटकुळ्या आलेल्या असतात आणि घरात तीन मतं तयार असतात. आजी म्हणते पित्त उठलंय, काका म्हणतात डास, सून म्हणते पाणी बदललं.

आमच्या वाडीत, संगमेश्वर तालुक्यात, नऊ घरं वर्षातले दहा महिने बंद असतात. माणसं मुंबई-ठाण्याला, किल्ल्या माझ्याकडे. गेली बारा वर्षं श्रावण लागला की ही घरं उघडून साफ करायचं काम माझ्याकडे असतं, आणि ही खाजेची तक्रारही. बहुतेक वेळा पिसवाच निघतात. पण प्रत्येक वेळी नाही, म्हणून हे लिहितोय.

पिसवा चावल्याची लक्षणं

- घोट्याभोवती, पायाच्या पंजावर आणि पोटरीच्या खालच्या भागात लहान, टणक, लाल पुटकुळ्या. नीट पाहिलं तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा गडद ठिपका.
- पुटकुळ्या सुट्या नसतात. दोन-तीन जवळजवळ, कधी एका ओळीत. मोज्याची किंवा लेंग्याची कड जिथे अंगाला टेकते तिथे जास्त.
- चावल्याचं तेव्हाच कळतं. बारीक टोचतं आणि मिनिटभरात खाज सुटते.
- घरातल्या एका खोलीत, एका कोपऱ्यात किंवा पडवीतच त्रास जास्त. अंगणात गेलं की थांबतो.
- एकाच घरात एकाला पन्नास, दुसऱ्याला एकही नाही. पिसवा दोघांना चावतात, पण पुरळ उठतं ते पिसवेच्या लाळेची ज्याच्या अंगाला वावडी आहे त्यालाच. "मला काही होत नाही, म्हणजे घरात काही नाही," असं सांगणाऱ्या माणसावर विसंबू नका.

घोट्याची ही खूण पक्की आहे, पण ती उभ्या माणसासाठी. पिसवेला पंख नसतात. ती उडी मारते, आणि उडी साधारण वीतभर उंच जाते. म्हणून उभ्या माणसाला ती गुडघ्याखालीच गाठते. जो सतरंजी टाकून जमिनीवर झोपतो किंवा जे मूल रांगतं, त्याच्या पाठीवर, कमरेवर, दंडावर कुठेही पुटकुळ्या दिसतील. आमच्याकडे गणपतीत निम्मं घर जमिनीवरच झोपतं. तेव्हा "पायाला नाही, पाठीला आहे, म्हणजे पिसवा नाहीत" असं लगेच ठरवू नका.

पहिली तपासणी: फक्त तीन प्रश्न

पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. नुसतं पुरळ पाहून निदान करू नका. पिसू, ढेकूण, डास, सगळ्यांची पुटकुळी दुसऱ्या दिवशी सारखीच दिसते, आणि खाजवल्यावर तर अजिबात ओळखू येत नाही. खरं सांगतात त्या तीन गोष्टी: अंगावर कुठे, दिवसात केव्हा, आणि घरात कुणाकुणाला. वहीच्या पानावर प्रत्येकासाठी हे तीन रकाने करा आणि दोन दिवस लिहा.

सकाळी उठल्यावर नव्या पुटकुळ्या दिसतात, आणि त्या मान, चेहरा, हात, खांदे अशा पांघरुणाबाहेर राहणाऱ्या जागी आहेत, तर संशय ढेकणांवर. ढेकूण चावताना कळत नाही, आणि काही जणांना पुरळ उठायला दोन-चार दिवस लागतात. म्हणजे मुंबईहून येताना गाडीत चावलेला ढेकूण गावच्या गादीवर आळ आणू शकतो.

एकेकटी, मऊ, जरा पसरट सूज, मध्ये ठिपका नाही आणि काही तासांत उतरते, तर डास. इथे एक फसगत होते. दिवसा चावणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला डेंग्यूचा डासही घोट्यालाच चावतो. टेबलाखाली, पाटाजवळ, सावलीच्या जागी. पण त्याच्या चाव्याच्या ओळी नसतात, आणि जरा लक्ष दिलं तर तो दिसतो.

मानेच्या घडीत, पाठीवर, कपड्याखाली मोहरीसारखे बारीक असंख्य दाणे आणि टोचल्यासारखी जळजळ असेल तर घामोळं. वारा लागला की बरं वाटतं.

रात्री अंथरुणात अंग तापलं की खाज वाढते, आणि बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेच्या नाडीपाशी, जांघेत पुरळ आहे. घरातल्या आणखी कुणालाही तसंच होतंय. ही खरूज. हिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, कारण माझी मोठी चूक इथेच झाली.

चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचं, मोज्याच्या इलॅस्टिकच्या रेषेत, दोन्ही पायांना सारखंच पुरळ असेल तर ते वस्तूच्या स्पर्शाचं. नवी रबरी चप्पल, नवी साबण पावडर. पावसाळ्यात दोरीवर वाळलेल्या कपड्यांना सुरवंटाचे केस चिकटतात, त्यानंही मान-पाठ पेटते. खाजकुयलीचं नाव मात्र गणपतीत घेऊ नका, तिच्या शेंगा तयार होतात त्या पाऊस सरल्यावर. आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, सोललेलं कातडं दिसतंय, तर त्या चिखल्या. त्याला चावा शोधत बसायची गरज नाही.

दुसरी तपासणी: बॉलपेन

एका गांधीभोवती पेनानं गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. पित्ताची गांध चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून नाहीशी होते आणि दुसरीकडे उठते. चाव्याची पुटकुळी जागा सोडत नाही. ती त्याच गोलात तीन-चार दिवस, कधी आठवडाभर राहते.

एवढी साधी गोष्ट, पण आजीचं "पित्त उठलंय" खरं की खोटं हे ती चोख सांगते. आमसुलाचं पाणी लावायचं की घर झाडायचं हे त्यावरच ठरतं.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन ते दहा वर्षांच्या काही मुलांना चाव्यांची जास्तच वावडी असते. एक नवा चावा झाला की आधीच्या आठवड्यातले जुने डागही पुन्हा फुगून लाल होतात. पालकांना वाटतं रात्रीत वीस पिसवा चावल्या, प्रत्यक्षात एकच चावलेली असते. म्हणून मुलांच्या पायावर फक्त नवे ठिपके मोजा.

तिसरी तपासणी: पांढरे मोजे

शाळेच्या गणवेशाचे गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घाला आणि संशय असलेल्या खोलीत दहा मिनिटं पाय घासत चाला. पडवी, माजघर, जिन्याखालची जागा, भाताच्या कणगीशेजारी. मग उजेडात येऊन मोजे पाहा. तिळाएवढे किंवा त्याहून लहान, दीड ते तीन मिलिमीटरचे तपकिरी किडे, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, बोट लावलं की टुणकन उडणारे, त्या पिसवा. चिमटीत सहज मरत नाहीत. चिकटपट्टीवर धरून तो तुकडा कागदावर डकवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हे का चालतं, ते समजलं की बंद घराचं कोडंही सुटतं. पिसवेची अळी मोठी झाली की स्वतःभोवती कोष विणते. कोष चिकट असतो, त्याला धूळ-माती लागते आणि तो जमिनीच्या भेगेत दिसेनासा होतो. आत पिसू तयार होऊनही लगेच बाहेर येत नाही. जवळ जनावर किंवा माणूस असल्याची खूण मिळेपर्यंत ती काही महिनेही थांबते. खूण म्हणजे पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड. मे महिन्यात माळ्यावर मांजर व्यायली, जूनमध्ये पिल्लं घेऊन निघून गेली, आणि घर रिकामं राहिलं. भाद्रपदात दहा माणसं सामान आपटत आत शिरतात, आणि वाट पाहत असलेल्या पिसवा एकदम बाहेर पडतात. "आमच्याकडे मांजर नाहीच" हे चाकरमान्यांचं म्हणणं खरं असतं. मांजर त्यांची नसते, घर मात्र तिनं वापरलेलं असतं.

चौथी तपासणी: उवांची फणी आणि ओला कागद

घरात किंवा अंगणात मांजर-कुत्रं असेल तर त्याच्या शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या शेवटी आणि मानेखाली बारीक दातांची फणी फिरवा. निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटका आणि दोन मिनिटं थांबा. पुडीभोवती लालसर-तपकिरी रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. रंग सुटला नाही तर नुसती माती. पिसू सापडली नाही तरी ही पूड पुरेसा पुरावा आहे, कारण मांजर स्वतःला चाटून पिसवा गिळून टाकते.

गिळण्यावरून आठवलं. मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. हा जंत पिसवेतूनच पसरतो, आणि चुकून पिसू गिळली तर लहान मुलांनाही होऊ शकतो. पशुवैद्यांकडे जाल तेव्हा जंताचं औषधही विचारा.

पाचवी तपासणी: रात्रीचा दिवा आणि ताट

जनावर नाही, मोज्यावर काही आलं नाही, तरी संशय आहे, तेव्हा ही. पसरट ताटात पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब टाका, आणि ताटाच्या कडेशी जमिनीलगत दिवा ठेवा. विजेचाच ठेवा, उघडी ज्योत रात्रभर ठेवू नका. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उड्या मारतात. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो, त्यामुळे त्या वर न तरंगता बुडतात. सकाळी मोजा. खोलीगणिक ताट ठेवलं तर कुठे जास्त आहेत तेही कळतं. याचा उपयोग शोधायला आहे, संपवायला नाही. ताटात पिसवा दिसल्या म्हणजे काम झालं, असं समजू नका.

सहावी तपासणी: गादी, खाट, माळा

ढेकणांसाठी गादीच्या शिवणी, खाटेचे सांधे, नवारीच्या पट्ट्यांखालची जागा बॅटरीनं पाहा. शाईच्या टिंबासारखे काळे डाग, चादरीवर रक्ताचे ठिपके, रिकामी सालं. ढेकूण चपटा, अंडाकृती, वाढलेला असेल तर पाचेक मिलिमीटर, आणि तो उडी मारत नाही. उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरतो, म्हणून बंद घरातही सापडू शकतो.

मग माळा, पेंढा, लाकडांची रास. मांजरीची वीण झालेली जागा, उंदरांची बिळं, मुंगसाचा वावर. इथे मी कळकळीनं सांगतो: हात घालू नका. आमच्या भागात फुरसं, म्हणजे लहानसा विषारी साप, फार, आणि पावसाळ्यात तो अडगळीत असतो. गमबूट, बॅटरी, लांब काठी, आणि सोबत दुसरं माणूस. शहरातल्या फ्लॅटमध्ये हीच जागा म्हणजे खिडकीबाहेरचं कबुतराचं घरटं. पिल्लं उडून गेली की घरट्यातले बारीक गोचिडीसारखे किडे खिडकीतून आत येतात आणि अंगभर चावतात. त्याला पिसवांचा कुठलाच उपाय लागू पडत नाही, घरटंच काढावं लागतं.

खरूज: माझी चूक

पाचव्या की सहाव्या वर्षी एका घरातून तक्रार आली. आजीला आणि नऊ महिन्यांच्या नातीला खाज. मी पडवीत मोजे घालून फिरलो, दोन पिसवा मिळाल्या, आणि ठरवून टाकलं. घर दोनदा फवारलं. ते लोक मुंबईला परतल्यावर तीन आठवड्यांनी फोन आला: खाज अजून आहे, आता आई-बाबांनाही. डॉक्टरांनी खरूज सांगितली. त्या तीन आठवड्यांत बाळ रात्र-रात्र झोपलं नव्हतं. दोन पिसवा सापडल्या म्हणून खाज पिसवांचीच, हे मी गृहीत धरलं होतं. तो फोन मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून एक बिनखर्चाची तपासणी मी सगळ्यांना सांगतो. घर सोडलं की खाज थांबते का? पिसवा घरात राहतात, माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाहीत. दुसऱ्या घरी आठवडाभर राहूनही नवं पुरळ येत असेल तर कारण घरात नाही, अंगावर किंवा सामानात आहे. खरजेचा किडा कातडीच्या आत बोगदा करून राहतो आणि तुमच्याबरोबर प्रवास करतो. पहिल्यांदा होणाऱ्या माणसाला लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, म्हणून कुठून आली ते आठवत नाही. औषध डॉक्टरांनीच द्यायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज नसलेल्यांनीसुद्धा. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते.

आणि हे मनापासून: मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणून लावू नका. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली उतरते, बरं वाटतं. पण खरूज आतल्या आत वाढते, गजकर्ण असेल तर पसरतं, आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर त्याचं मूळ रूपच राहिलेलं नसतं. निदान होईपर्यंत थंड पाण्याची घडी आणि कॅलामाइन लोशन पुरे. नखं कापा. लिंबू, टूथपेस्ट, रॉकेल, न मिसळलेलं जंतुनाशक यातलं काहीही कातडीला लावू नका.

पिसवाच निघाल्या तर

डोळ्यांना दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याचा फार लहान भाग असतात. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष या रूपात जमिनीवर. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते, आणि ती गुळगुळीत अंडी जनावराच्या अंगावरून घरंगळून पडतात. अळ्यांना दमट हवा लागते, कोरड्यात त्या मरतात. श्रावण-भाद्रपदातली कोकणची हवा त्यांना मानवते, आणि अंड्यापासून पिसू व्हायला तीनेक आठवडे पुरतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की घर आदल्या दिवशी उघडू नका, तीन आठवडे आधी उघडा.

माझा क्रम असा. पहिल्या दिवशी लांब पँट मोज्यात खोचून आत जायचं, सगळं सामान हलवायचं, जमिनीवर मुद्दाम पाय आपटत फिरायचं. थरथरीनं कोषातल्या पिसवा बाहेर येतात, आणि बाहेर आल्याशिवाय त्या मरत नाहीत, कारण कोषात फवारणीचं औषध नीट पोचत नाही. मग कानाकोपरे, फरशीच्या सांधी, खाटेखालची जागा झाडायची. व्हॅक्यूम असेल तर उत्तम. केर अंगणात टाकायचा नाही, साबणाच्या पाण्यात बुडवायचा. गोधड्या, चादरी, पायपुसणी गरम पाण्यात धुवायच्या आणि ऊन मिळेल तेव्हा कडकडीत वाळवायच्या. मातीची जमीन असेल तर भेगा बुजवून नव्यानं सारवायची, अळ्यांना लपायला जागा उरत नाही. हे रोज, निदान दोन आठवडे. कंटाळवाणं आहे, पण आमच्या नऊ घरांपैकी बहुतेकांत एवढ्यानंच भागतं.

निरगुडी-कडुनिंबाचा धूर वाडीत सगळेच करतात. धुरानं बाहेर आलेल्या पिसवा बाजूला सरतात, कोष मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणून दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

मांजरीला हाकलू नका. घरात रक्त पुरवणारं जनावरच राहिलं नाही की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. तिच्यावर उपचार करा, आणि ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच. कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब मांजरीला घातले तर तिला झटके येतात आणि ती मरू शकते. असं एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. फिनेल, रॉकेल, शेतावरचं कीटकनाशक यातलं काही कुठल्याच जनावराच्या अंगावर घालायचं नाही. दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लांना फक्त फणी करा. त्यांच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त फार ओढलंय, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

औषध झाल्यावरही दोन ते चार आठवडे थोड्या पिसवा दिसत राहतील. ते औषध फुकट गेल्याचं लक्षण नाही, कोषातून उशिरा निघालेल्या आहेत त्या. झाडणं चालू ठेवा, पुन्हा फवारणीची घाई करू नका.

इथे थांबा आणि फवारणीवाल्यांना बोलवा

ढेकूण निघाले तर पहिल्याच दिवशी. बाजारातल्या स्प्रेला ते दाद देत नाहीत, उलट शेजारच्या खोलीत पसरतात. पिसवांसाठी, चार ते सहा आठवडे नेटानं साफसफाई आणि जनावरांवर उपचार करूनही पांढऱ्या मोज्यावर पिसवा येत असतील तर. पिसवांना नुसतं मारणारं औषध पुरत नाही, हे फवारणीवाल्यांना सांगा. वाढ रोखणारं, म्हणजे पायरीप्रॉक्सिफेनसारखं औषध बरोबर वापरणार का, आणि दुसरी फेरी केव्हा, हे विचारा. औषध सुकेपर्यंत माणसं-जनावरं बाहेर. पंप विहिरीपाशी धुऊ देऊ नका, ही औषधं माशांना विष असतात आणि आपण तेच पाणी पितो.

घरात किंवा गोठ्यात एकापाठोपाठ उंदीर मरून पडू लागले तर मात्र साफसफाईसुद्धा करू नका. उघड्या हातानं उंदीर उचलू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. प्लेग याच वाटेनं माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत दाखवलं. बीड जिल्ह्यात मामला गावी १९९४ मध्ये गाठीचा प्लेग निघाला, तो काही फार जुना काळ नव्हे.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली: १०८ ला फोन करा, वाट पाहू नका.

ताप आला तर तो चाव्याचा म्हणून सोडून देऊ नका. ताप, डोकं जड, आणि जांघेत, काखेत किंवा कमरेशी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तिला खाजही नाही, दुखतही नाही, तर स्क्रब टायफसचा संशय घ्या. गवतातल्या चिगर माइट या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो आणि ताप साधारण दहाबारा दिवसांनी येतो, म्हणजे माणूस मुंबईत परतल्यावर. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. वेळेवर कळला तर साध्या प्रतिजैविकानं बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. मुंबईच्या डॉक्टरांना "गावी गवतात वावरलो होतो, शेतात पाण्यात उतरलो होतो" हे स्वतःहून सांगा. लेप्टोसाठीही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) तीच माहिती लागते.

जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आणि ताप. पुटकुळीतून पू, मधासारखी पिवळी खपली, गरम होऊन पसरणारी लाली, पायावरून वर चढणारी लाल रेघ. पारदर्शक काचेचा पेला दाबल्यावरही न विरणारे लाल-जांभळे डाग अंगभर. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात उठलेले, आग होणारे फोड, म्हणजे नागीण. तिला पहिल्या तीन दिवसांत औषध मिळालं तर जास्त उपयोग होतो. मधुमेह असलेल्याच्या पायावर खाजवून झालेली कुठलीही जखम. तान्हं बाळ, गरोदर बाई. आणि घर स्वच्छ होऊन दोन आठवडे झाले तरी नवं पुरळ येतच असेल, तर.

जाताना तीन रकान्यांचं ते पान, पहिल्या दिवशी न खाजवता काढलेला फोटो, चिकटपट्टीवरचा किडा, आणि आधी काही मलम लावलं असेल तर त्याची ट्यूब बरोबर न्या. रिकामी असली तरी न्या.